दोन्या पेर्पेतुआची तयारी

पाराग्वायमधल्या असुन्सिओनच्या त्या सरकारी इस्पितळात सगळे म्हणायचे की नर्स सुनिल्दाच्या हातून तयार होऊन आलेला पेशंट टेबलावर पापणीसुद्धा हलवत नाही. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी म्हणजे जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालायची, ती मानेपर्यंत चढवायची, रंगाचं औषध सोडायचं आणि पडद्यावर फांद्या फुटाव्यात तशा वाहिन्या उमटताना बघायच्या. ते बघायचं काम डॉक्टर ओकारिसचं. त्याच्या आधीचं सगळं सुनिल्दाचं. पोटात अन्न नको, साखरेची गोळी दोन दिवस आधी बंद, रक्ताचे रिपोर्ट, कशाची ऍलर्जी आहे का, कवळी, दागिने, जांघेतले केस, कागदावर सही. आणि सगळ्यात अवघड म्हणजे माणसाची भीती काढायची. "डोक्यात गरम पाण्याची लाट आल्यासारखं वाटेल. घाबरायचं नाही, मी उशाशीच आहे," असं ती सांगायची, आणि खरंच उशाशी असायची. सत्तावीस वर्षांत तिच्याविरुद्ध एक तक्रार नव्हती.

जानेवारीतल्या, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका सोमवारी दुसऱ्या दिवसाची यादी आली. पहिलंच नाव : पेर्पेतुआ रोलोन दे एस्पीनोला, वय शहात्तर. डोकेदुखी, एकाच्या जागी दोन दिसणं, साध्या स्कॅनमध्ये एका वाहिनीवर फुग्याचा संशय. मधुमेह. किडनीचा रिपोर्ट जरा वरचा. शेजारी डॉक्टरांच्या अक्षरात, "सकाळी सातपासून सलाईन."

सुनिल्दाने यादी टेबलावर पालथी घातली. थोड्या वेळाने परत उलटी करून वाचली. नाव तेच होतं.

ती आठ वर्षांची असताना आईने तिला कासापाच्या खेड्यातून आणून याच बाईच्या घरी ठेवलं होतं. शाळेत घालतील, दोन वेळा जेवू घालतील, बदल्यात पोर घरातलं बारीकसारीक करील. असे करार तिकडे सगळेच करत. त्या घरात कामाला येणाऱ्या प्रत्येक पोरीला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, पेर्पेतुआ 'मारी'च म्हणायची. दरवेळी नवं नाव लक्षात ठेवायचा ताप कशाला? सुनिल्दालाही आधीच्या मारीचा फ्रॉक आणि आधीच्या मारीची चटई मिळाली.

दुपारी घरची माणसं आंब्याखाली तेरेरे प्यायला बसत. मारी बर्फाच्या पाण्याचा थर्मास घेऊन उभी. शिंगाच्या पेल्यातल्या पाल्यावर पाणी ओतायचं, एकाला द्यायचं, त्याने नळीने ओढून संपवलं की परत भरून दुसऱ्याला. पाराग्वायमध्ये तो पेला आणि ती नळी हातोहात फिरते. मालक आणि गडी, पोलीस आणि चोर एकाच नळीने पितात. मारीपाशी आली की ती नळी थांबायची. दहा वर्षांची असताना एकदा पेला विसळायला नेताना तिने तळाचा घोट ओढला. दोन्याने बघितलं. मग अंगणात, भर जानेवारीच्या उन्हात, दोन्ही हात वर आणि हातांत वीट, बारा ते पाच. तीनच्या सुमाराला तिने पाणी मागितलं तेव्हा दोन्या सावलीतून म्हणाली, "प्यायलीस की मघाशी."

सोळाव्या वर्षी सुनिल्दा तिथून पळाली. बाजारात भाजी विकणाऱ्या मावशीकडे राहिली, नर्स झाली. त्या घराच्या रस्त्याने ती पुन्हा कधी गेली नाही.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मुलगी मिर्ता आईला चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. मिर्ता चाळिशीला टेकलेली. सुनिल्दाने तिला कडेवर खेळवलं होतं, चालायला शिकवलं होतं, पण तीन वर्षांच्या पोरीला काय आठवणार? आणि सुनिल्दाच्या तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी.

"सिस्टर, आई जरा तापट आहे हं," मिर्ता हळूच म्हणाली. "पण मनाची चांगली आहे."

"सगळ्याच असतात," सुनिल्दा म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा. आत एकालाच परवानगी."

दोन्या पलंगावर आडवी झाली आणि लगेच हुकूम सुरू झाले. "पोरी, ती उशी वर घे. अशी नाही, मूर्खे. हं. आणि खिडकी उघड, जीव घुसमटतोय."

खोलीतला एसी डिसेंबरपासून बंद होता. गार हवा फक्त मशीनच्या खोलीत, कारण गार हवा नसेल तर मशीन बिघडतं. बाहेर पारा एकेचाळीसवर चढणार होता. सुनिल्दाने खिडकी तशीच ठेवली.

"अंगठी काढावी लागेल, बाई."

"ही निघायची नाही. नवऱ्याने घातलीय. त्रेपन्न वर्षं झाली."

साबण लावून, दोरा गुंडाळून अडकलेली अंगठी काढायची हातोटी सुनिल्दाकडेच होती. दुसऱ्या वॉर्डातून त्यासाठी बोलावणी यायची. शिवाय ही बोटात राहिली असती तरी वर चिकटपट्टी लावून चाललं असतं. तिने कपाटातून कापायची चिमटी आणली. दोन्या हात ओढायला लागली तेव्हा मनगट गादीवर दाबून धरलं. सोनं मऊ असतं. दोन दाबांत तुटलं. वाकडी झालेली अंगठी तिने औषधाच्या रिकाम्या पाकिटात टाकली आणि पाकीट दोन्याच्या छातीवर ठेवलं.

"कवळी."

"कवळी आत्ता कशाला? आत नेताना काढीन की."

"इथले नियम आहेत."

कवळी निघाली आणि दोन्याचं तोंड एकदम गरीब झालं. बोलताना शब्दांऐवजी नुसती हवा यायला लागली. मग जांघेचे केस. साबणाच्या फेसाची वाटी हाताशी होती, ती सुनिल्दाने घेतली नाही. कोरडाच वस्तरा फिरवला. दोन ठिकाणी रक्त आलं.

"आई गं! पोरी, कसाई आहेस का तू?"

"हलू नका, बाई. हललं की कापतं."

हे सगळं होईपर्यंत सलाईन मात्र नीट टपटपत होतं. तिथे हात घालायचं तिच्या मनात नव्हतं. निदान तिने पुढे स्वतःला तसं सांगितलं.

आठ वाजता डॉक्टर ओकारिस घाईघाईने आले. "सुनिल्दा, या बाईंना दोननंतर घेऊ. लुकेहून एक बाळंतीण आणतायत, डोक्यात रक्तस्राव झालाय, तिला आधी. यांना बारापर्यंत पाणी पिऊ दे, हवं तेवढं. आणि सलाईन अजिबात थांबू देऊ नकोस. किडनी आधीच कुरकुरतेय, त्यात आपण रंग सोडणार."

"हो डॉक्टर."

ते गेले. सुनिल्दाने खोलीचं दार लोटलं, पलंगाशी आली आणि नळीवरचं छोटं चाक अंगठ्याने खाली ढकललं. थेंब पडायचे थांबले. पलंगाच्या पायाशी 'तोंडाने काही देऊ नये' अशी पाटी होती, ती तिने सरळ केली.

नऊच्या सुमाराला दोन्याने पाणी मागितलं. दहाला मागितलं. अकराला मागितलं तेव्हा आवाज चिरका झाला होता. दरवेळी सुनिल्दा पाटीकडे बोट दाखवायची. मधे एकदा ती सलाईनची पिशवी काढून न्हाणीघरात गेली, मोरीत रिकामी केली, नवी टांगली, तिचंही चाक बंद ठेवलं आणि तक्त्यात पहिली पिशवी संपल्याची वेळ लिहिली.

बारा वाजता नर्सेसचा तेरेरे निघाला. रोज टेबलाभोवती बसायच्या. त्या दिवशी सुनिल्दाने आपली खुर्ची दोन्याच्या दारात ओढली. जोडीची नर्स फिदेलिना पाणी ओतत होती. पाल्याबरोबर पुदिना होता, थर्मासमध्ये बर्फाचे खडे वाजत होते.

"अगं, त्या म्हातारीचे ओठ बघ, भेगाळलेत," फिदेलिना म्हणाली. "डॉक्टर पाण्याचं काही बोलले नाहीत का?"

"उपाशीच ठेवायचंय."

"सलाईन तरी?"

"दुसरी पिशवी चाललीय. तू ओत."

दोन्या कोपरावर उठून बघत होती. "पोरी," ती बोळक्या तोंडाने म्हणाली, "एक घोट. नुसते ओठ ओले कर. देवाशप्पथ, गिळणार नाही."

सुनिल्दाने नळी ओठांत धरली आणि तळाशी खळखळ आवाज होईपर्यंत ओढली. "चालत नाही, बाई. तुमच्याच भल्यासाठी सांगते."

तिला बरं वाटत होतं. अंगावर गार पाणी घेतल्यासारखं, मणक्यापर्यंत बरं वाटत होतं. चाळीस वर्षांत तेरेरे तिला इतका गोड कधी लागला नव्हता.

साडेतीनला दोन्याला आत नेलं. त्याआधी सुनिल्दाने नळीवरचं चाक उघडलं होतं, त्यामुळे टेबलावर सलाईन झकास चालू होतं. गुंगीचं इंजेक्शन दिलेलं.

"पाणी प्यायलात ना, सेन्योरा?" डॉक्टरांनी विचारलं.

दोन्याने तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली होती, काहीतरी घरघर बाहेर आली.

"प्यायल्या. लिटरभर," सुनिल्दा म्हणाली.

नळी चढली. रंग सुटला. दोन्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. त्या लाटेने बहुतेकांना येतं. सुनिल्दा तिच्या उशाशी नव्हती, काचेपलीकडे डॉक्टरांच्या मागे उभी होती. पडद्यावर वाहिन्या एकेक करून फुटत गेल्या, टोकाटोकापर्यंत स्वच्छ.

"फुगा नाहीच," डॉक्टर म्हणाले. "ही फांदी उगमाशी जराशी रुंद आहे, जन्मापासूनची. बाईंच्या मेंदूला काही झालेलं नाही. आणि चित्रं बघ काय आलीत! केसाइतकीही हललेली नाही. सुनिल्दा, तुझ्या हाताला तोड नाही."

मिर्ता बाहेर रडली, हसली, तिने सुनिल्दाला मिठी मारली.

तिसऱ्या दिवशी दोन्याची लघवी थांबली. पाचव्या दिवशी पाय सुजले, श्वास लागला, तिला पुन्हा भरती केलं. डॉक्टर ओकारिस तक्ता घेऊन स्वतः खाली आले. "दीड लिटर सलाईन गेलंय, लिटरभर पाणी पोटात. सगळं नियमाप्रमाणे. तरी किडन्या बसल्या. वय, साखर... आपण आणखी काय करणार होतो?"

"काहीच नाही, डॉक्टर."

"तू मनाला लावून घेऊ नकोस."

सुनिल्दाने मनाला विचारून बघितलं की तुला एवढं हवं होतं का. एका दिवसाची तहान हवी होती, बारा ते पाच, असं उत्तर आलं. पण ते उत्तर पुरतं खरं नव्हतं, हे तिला कळत होतं. कोरड्या किडनीवर तो रंग विषासारखा पडतो, हे नव्या नर्सेसना सत्तावीस वर्षं तीच घोकायला लावत आली होती.

किडन्या परत चालू झाल्याच नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चौथ्या मजल्यावर डायलिसिस, दरवेळी चार तास. मिर्ताने शाळेतली नोकरी अर्धवेळ करून घेतली. येता-जाता ती सुनिल्दाला भेटायची, चिपाचा, चीजच्या छोट्या पावांचा, पुडा द्यायची. "आईला सगळ्यांचा राग येतो हो. पण त्या दिवशी तुम्ही किती केलंत!"

सात आठवडे सुनिल्दा चौथ्या मजल्यावर गेली नाही. पण एक गोष्ट तिला डाचायला लागली. शिक्षा झाली होती, आणि शिक्षा भोगणारीला ती कशाची हेच ठाऊक नव्हतं. दोन्याच्या लेखी हे नशीब होतं, फार तर देवाची करणी. सुनिल्दाचं त्यात नावच नव्हतं.

मार्चमधल्या एका शुक्रवारी ती जिना चढली. दोन्या खुर्चीत रेललेली, हातातून दोन नळ्या निघून मशीनमध्ये गेलेल्या. मिर्ता खाली औषधं घ्यायला गेली होती. सुनिल्दाने मास्क काढला, टोपी काढली.

"ओळखलंत?"

"तू ती खालची. अंगठी कापलीस ती."

"मी मारी."

दोन्याने डोळे बारीक केले. "कुठली मारी?"

"कासापाची. आठ वर्षं होते तुमच्याकडे."

"कासापाच्या चार होत्या." कवळी असल्यामुळे आता शब्द स्पष्ट येत होते. "एकूण अकरा. भात जाळायचीस ती का तू?"

"नाही."

"मग साखर चोरायचीस ती."

"नाही! मला तुम्ही उन्हात उभं केलं होतं. हातात वीट देऊन. बारा ते पाच. पाणीसुद्धा दिलं नव्हतं."

दोन्याने मान हलवली. गोवराबद्दल बोलावं तसं ती म्हणाली, "वीट काय, सगळ्यांनाच होती."

चाळीस वर्षं ते अंगण, तो आंबा, ती दुपार तिने एकटीची म्हणून बाळगली होती. त्या उन्हात तिच्या आधी कोणी उभं राहिलं होतं, तिच्यानंतर कोणी उभं राहिलं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. आणि या बाईला त्यातली एकही वेगळी आठवत नव्हती.

मग ती खाली वाकली आणि दोन्याच्या कानाशी सगळं सांगितलं. सावकाश, पेशंटला तयारी समजावून सांगते तशा आवाजात. डॉक्टर काय म्हणाले होते, चाक कसं बंद केलं, पिशवी कुठे ओतली, तक्त्यात काय लिहिलं. "तुमच्या डोक्यात काहीच नव्हतं, बाई. तुम्ही आज घरी आंब्याखाली बसला असता."

दोन्याचा चेहरा आधी नुसता ऐकत राहिला. मग ती ओरडली. "हिने! हिने मारलं मला! धरा हिला!" तिने हात झटकला, मशीनची घंटा वाजायला लागली. तिथली नर्स धावली. मिर्ता औषधांची पिशवी घेऊन दारात पोचली तेव्हा आई सुनिल्दाचा झगा मुठीत धरून किंचाळत होती. "पाणी ओतून टाकलं हिने! मोरीत! आपली मारी आहे ही, मारी!"

"कोण मारी? आई, सोड! सिस्टर, माफ करा, ती भ्रमात आहे. परवा बाबांशी बोलत होती, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली."

"रक्तात घाण साठली की होतं असं," डायलिसिसची नर्स म्हणाली.

"मी भ्रमात नाही! विचार तिला! विचार!"

मिर्ताने खरंच सुनिल्दाकडे बघितलं. विचारायला नव्हे, लाजेने. सुनिल्दाने झग्यावरची बोटं एकेक करून सोडवली.

"आई," मिर्ताचा आवाज चढला. "दोन महिने मी तुला पाठीवर घेऊन हे जिने चढतेय. लिफ्ट बंद, टॅक्सीवाले थांबत नाहीत, माझा अर्धा पगार गेला. आणि ज्या बाईने तुझं सगळं केलं तिच्यावर तू असले आरोप करतेस? माफी माग."

"मागणार नाही."

"मग सोमवारी मी येत नाही. एकटी ये. सरपटत ये."

दोन्याने मुलीकडे बघितलं, मशीनकडे बघितलं, आपल्या हातातून निघून त्या मशीनमध्ये जाणाऱ्या लाल नळीकडे बघितलं. तिला सोमवारी यायचं होतं.

"माफ कर," ती म्हणाली.

"अशी नाही. नाव घेऊन माग. सुनिल्दा सिस्टर म्हण."

म्हातारीने लाल नळीवरून नजर काढली नाही. "माफ कर, सुनिल्दा."

"असू दे, बाई," सुनिल्दा म्हणाली. "आजारात माणसाला काय काय दिसतं."

मिर्ताने तिच्या हातात पुडा कोंबला. सुनिल्दा जिना उतरत दुसऱ्या मजल्यापर्यंत आली आणि पायरीवर बसली. पुडा उघडला. चिपा अजून ऊन होते, चीज कडेने बाहेर आलेलं. तिने दोन खाल्ले. दुपारचं जेवण राहिलं होतं, आणि खाली दोन पेशंट थांबले होते.

त्यानंतर दोन्या पेर्पेतुआ कोणाशी बोलेनाशी झाली. यायची, चार तास छताकडे बघायची, जायची. ऑगस्टमध्ये, थंडीच्या शेवटच्या आठवड्यात ती घरीच वारली. मिर्ता सांगायला मुद्दाम इस्पितळात आली आणि नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला घरी यायचं आमंत्रण देऊन गेली. सुनिल्दाने ड्यूटी असल्याचं सांगितलं. ड्यूटी नव्हती.

सप्टेंबरपासून नव्या नर्सेसना पेशंटची तयारी शिकवण्याचं काम डॉक्टर ओकारिसनी अधिकृतपणे तिच्याकडे दिलं. वर्ग बुधवारी असतो. ती चांगलं शिकवते, असं सगळ्याजणी सांगतात.